पहिल्या परदेश प्रवासात काय पाहावे, काय करावे आणि काय सोडावे

पहिल्यांदाच परदेशात निघालेल्या प्रवाशाकडे स्थळांची यादी असते, पण त्या यादीतले काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवण्याची रीत नसते. ओळखीच्यांनी सांगितलेली ठिकाणे, समाजमाध्यमांवर पाहिलेली छायाचित्रे, सहल कंपन्यांच्या पत्रकांतली नावे आणि शाळेच्या दिवसांपासून मनात घर करून बसलेल्या एक-दोन वास्तू असे सगळे एकत्र येते आणि ते आठ-नऊ दिवसांत बसवण्याचा खटाटोप सुरू होतो. त्यातून पहाटे सुरू होऊन रात्री उशिरा संपणारे वेळापत्रक तयार होते. त्यात प्रत्येक ठिकाणी पोहोचणे होते, पण पाहणे होत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: हाती असलेला वेळ आधी अर्ध्या-अर्ध्या दिवसांत मोजावा, प्रत्येक मुक्कामासाठी, जिच्याकरता आपण एवढ्या लांब आलो अशी एकच गोष्ट पक्की करावी, आणि बाकीचे सारे तिच्याभोवती, जागा उरेल तसे बसवावे. या क्रमाने गेल्यास निवड पुष्कळ सोपी होते.

आधी वेळ, मग ठिकाणे

वेळ दिवसांत मोजली की ती फुगलेली दिसते. नऊ दिवसांची सहल म्हणजे नऊ दिवस पाहण्यासाठी मिळाले असा समज होतो, परंतु उतरण्याचा दिवस इमिग्रेशनची रांग, सामान, विमानतळापासून शहरापर्यंतचा प्रवास आणि हॉटेलची खोली ताब्यात मिळण्याची वाट पाहणे यांत जातो, तर परतीच्या दिवशी विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर पोहोचायचे असते. म्हणून हे दोन्ही दिवस हिशेबात शून्य धरावेत. उरलेल्या प्रत्येक पूर्ण दिवसाचे दोन अर्धे दिवस होतात, आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याच्या दिवसातून एक अर्धा दिवस वजा करावा लागतो. रेल्वेचा प्रवास दीडच तासाचा असला तरी सामान बांधणे, खोली सोडणे, स्थानक गाठणे, नव्या शहरात हॉटेल शोधणे आणि सामान ठेवणे हे सगळे मिळून सकाळ किंवा दुपार खर्च होतेच.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिस ही पहिल्या युरोप प्रवासात वारंवार निवडली जाणारी तीन शहरे आहेत. समजा प्रवासी शनिवारी दुपारी रोमला उतरतो आणि पुढच्या रविवारी व्हेनिसहून परत निघतो. रविवार, सोमवार आणि मंगळवार हे रोममधले तीन पूर्ण दिवस, म्हणजे सहा अर्धे दिवस. बुधवारी सकाळी वेगवान रेल्वेने फ्लोरेन्स, म्हणून बुधवारचा एक अर्धा दिवस. गुरुवारचे दोन. शुक्रवारी दुपारी व्हेनिसकडे निघायचे, म्हणून शुक्रवारचा एक. शनिवारचे व्हेनिसमधले दोन. एकूण बारा. त्यांतले निदान दोन-तीन अर्धे दिवस मोकळे ठेवणे मी अत्यावश्यक समजतो, कारण पाऊस, थकवा, एखाद्याचे दुखणारे पाय आणि अनपेक्षितपणे आवडलेली एखादी जागा या सर्वांना वेळ लागतोच. म्हणजे नऊ दिवसांच्या सहलीत ठरवून भरता येतील अशा जागा नऊच उरल्या. यादीत पस्तीस नावे असतील तर पंचवीसपेक्षा अधिक नावे जाणार आहेत, हे घरीच, शांतपणे मान्य करावे. ते मान्य न करणारा प्रवासी तीच काटछाट रस्त्यावर, धावपळीत आणि चिडचिडीत करतो.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. रोमला उतरून व्हेनिसहून परतणारे तिकीट घेतले म्हणून पुन्हा रोमला मागे येण्यात जाणारा जवळजवळ एक दिवस वाचला. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याची अशी तिकिटे बहुतेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ‘मल्टी-सिटी’ या पर्यायाखाली मिळतात. ती थोडी महाग पडली तरी वाचलेल्या अर्ध्या दिवसांची किंमत धरून तुलना करावी.

वेळेच्या हिशेबात शरीराचाही विचार हवा. कालविभाग बदलल्यावर झोपेचे घड्याळ जुळायला साधारणपणे प्रत्येक तासाच्या फरकामागे एक दिवस लागू शकतो, आणि पूर्वेकडे जाणारा प्रवास पश्चिमेकडच्या प्रवासापेक्षा बहुतेकांना जड जातो, कारण शरीराला नेहमीच्या वेळेआधी झोपायला सांगावे लागते. म्हणून पहिल्या पूर्ण दिवशी अंधाऱ्या दालनातले दीर्घ संग्रहालय किंवा रात्रीचा नाट्यप्रयोग ठेवू नये. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात चालण्याचा कार्यक्रम ठेवावा. उजेडाने घड्याळ लवकर जुळते आणि शहराची दिशाही समजते.

आपल्याला खरोखर काय आवडते

प्रसिद्ध स्थळांबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत म्हणते की ती पाहिल्याशिवाय प्रवासच झाला नाही, आणि दुसरे म्हणते की गर्दीची ठिकाणे टाळून ‘वेगळे’ काही पाहावे. पहिल्यांदा जाणाऱ्याने दोन्ही मते बाजूला ठेवावीत. रोमचे कोलोसियम, कंबोडियातले अंगकोर वाट, पेरूतले माचू पिचू किंवा जॉर्डनमधले पेट्रा ही स्थळे बहुधा योग्य कारणानेच प्रसिद्ध झाली आहेत आणि ती पाहण्याची इच्छा असण्यात कमीपणा काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की ती इच्छा आपली आहे की इतरांची.

हे ओळखण्याची एक खात्रीची कसोटी आहे. गेल्या वर्षभरात सुट्टीच्या दिवशी, कोणी सांगितलेले नसताना, आपण स्वतःहून काय केले ते आठवावे. जो माणूस आपल्या गावातल्या संग्रहालयात कधी पाऊल ठेवत नाही, तो पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात चौथ्या तासाला आनंदी असण्याची शक्यता कमी आहे. तेथे सुमारे ३५,००० कलावस्तू मांडलेल्या असतात आणि त्या सगळ्या पाहणे चित्रकलेच्या अभ्यासकालाही एका भेटीत जमत नाही. अशा माणसाने लूव्हर टाळावे असे मी म्हणत नाही. त्याने दोन तास ठरवावेत, संग्रहालयाच्या नकाशावर चार-पाच वस्तू आधीच खुणावून ठेवाव्यात आणि त्या नीट पाहून बाहेर पडावे. उलट ज्याला रेल्वे, झाडे, पूल, फुटबॉल, जुनी पुस्तके किंवा कापड यांत मनापासून रस आहे, त्याने त्या विषयाशी संबंधित एक तरी गोष्ट प्रत्येक शहरात शोधावी, मग ती कोणत्याही ‘पहिल्या दहा’मध्ये नसली तरी चालेल. अशा जागी प्रवासी आपसूक थांबतो, प्रश्न विचारतो आणि माणसांशी बोलतो. अशा भेटीचे मोल मला कोणत्याही प्रसिद्ध स्थळाइतकेच वाटते.

आवड स्पष्ट झाली की प्रत्येक मुक्कामासाठी एक वाक्य लिहून काढावे: या शहरात मी अमुक एका गोष्टीसाठी जात आहे. वाक्यात दोन गोष्टी आल्या तर त्यांतली एक निवडावी. हे कठीण वाटते, पण पुढचे सारे निर्णय याच वाक्यावर उभे राहतात: मुक्काम कोणत्या भागात, तिकीट कशाचे आधी काढायचे, पाऊस आला तर काय वाचवायचे आणि काय सोडायचे.

निवडीसाठी माहिती गोळा करताना छायाचित्रांवर कमीत कमी विसंबावे. छायाचित्र पहाटे, रिकाम्या चौकात, विशिष्ट कोनातून काढलेले असते. प्रवाशांचे अभिप्राय वाचताना अतिशय खूश आणि अतिशय रागावलेले अभिप्राय बाजूला ठेवून मधल्या दर्जाचे, तेही अलीकडचे आणि आपण जाणार त्याच महिन्यातले वाचावेत. किती वेळ लागला, किती पायऱ्या चढाव्या लागल्या, सावली होती का, रांग कशासाठी होती, असे कामाचे तपशील त्यांतच सापडतात. पेट्राचे उदाहरण घ्या. ‘ट्रेझरी’ या खडकात कोरलेल्या, सर्वांच्या ओळखीच्या वास्तूचे दर्शन सीक नावाच्या अरुंद घळीतून एक किलोमीटरहून अधिक चालल्यावर होते, आणि ‘मॉनेस्ट्री’ या तशाच दुसऱ्या वास्तूपर्यंत जायला त्यापुढे सुमारे ८०० पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही माहिती कोणत्याही सुंदर छायाचित्रापेक्षा अधिक उपयोगाची आहे.

ऋतू, सण आणि बंद दरवाजे

काही गोष्टी वर्षातल्या ठरावीक काळातच दिसतात आणि तेवढ्यासाठी जाणाऱ्याने तारखा त्यानुसारच घ्याव्यात. उत्तर ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी काळोखी रात्र लागते. जून-जुलैमध्ये उत्तर नॉर्वेत किंवा आइसलँडमध्ये रात्र पुरेशी काळोखी होतच नाही, म्हणून सप्टेंबरअखेर ते मार्च हा काळ निवडला जातो. मात्र त्याच प्रदेशात डिसेंबरमध्ये दिवसाचा उजेड फार थोडा असतो. रेक्याविकमध्ये तो सुमारे चार तासांचा असतो, त्यामुळे धबधबे आणि किनारे पाहण्याचा बेत त्याच सहलीत कोंबता येत नाही. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात विल्डेबीस्ट या हरणवर्गीय प्राण्यांचे मोठे कळप साधारणपणे जुलै ते ऑक्टोबरदरम्यान असतात. टोकियोत चेरीचा बहर बहुधा मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीस येतो, आणि पूर्ण बहर आठवडाभरच टिकतो. निसर्गाच्या अशा गोष्टींची हमी कोणी देऊ शकत नाही, म्हणून संपूर्ण सहल केवळ त्यांच्यावर उभी करू नये. त्या दिसल्या नाहीत तरी जाणे सार्थकी लागावे असे दुसरे काही कारण जोडीला असावे.

स्थानिक सुट्ट्यांकडे पहिल्यांदा जाणाऱ्यांचे हमखास दुर्लक्ष होते. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातला ‘गोल्डन वीक’ आणि चीनमध्ये १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा या काळात त्या देशांतली माणसेच मोठ्या संख्येने प्रवास करतात. रेल्वेची तिकिटे आणि हॉटेलच्या खोल्या तेव्हा मिळता मिळत नाहीत. इटलीत १५ ऑगस्टच्या आसपास अनेक लहान दुकाने आणि भोजनगृहे मालकाच्या सुट्टीमुळे बंद असतात. बालीत ‘न्येपी’ या मौनाच्या दिवशी विमानतळही बंद राहतो आणि पर्यटकांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. ज्याला हे आधी ठाऊक असते त्याच्यासाठी तो दिवस विसाव्याचा आणि आठवणीत राहणारा ठरू शकतो, ठाऊक नसणाऱ्याच्या वेळापत्रकाला मात्र तो भगदाड पाडतो.

त्यानंतर आठवड्याचे वार तपासावेत. लूव्हर मंगळवारी बंद असते, तर पॅरिसमधलेच ऑर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतात. फ्लोरेन्सचे उफिझी कलादालन आणि मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ हा पुतळा जिथे आहे ती अकादमी, दोन्ही सोमवारी बंद. व्हॅटिकन संग्रहालये रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद, आणि त्या दिवशी प्रवेश मोफत असल्यामुळे गर्दी विलक्षण असते. वरच्या रोमच्या उदाहरणात म्हणूनच रविवारी कोलोसियम आणि रोमन फोरम या प्राचीन चौकाचे अवशेष, सोमवारी व्हॅटिकन, आणि सोमवारी बंद असलेले बोर्गेझे कलादालन मंगळवारी असा क्रम आपोआप ठरतो. बंद होण्याची वेळ आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ यांत अनेक ठिकाणी अर्ध्या ते एक तासाचे अंतर असते, तेही पाहून ठेवावे. या वेळा बदलतात, त्यामुळे त्या त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर जाण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा खात्री करावी.

वेळांच्या या तपासणीत फायद्याच्या गोष्टीही सापडतात. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ या वेळात प्रवेश मोफत असतो. ब्रिटिश म्युझियम आणि लंडनची नॅशनल गॅलरी यांच्या कायमस्वरूपी संग्रहांना प्रवेश शुल्क नाही. त्यामुळे तिथे एकाच दिवशी पाच तास काढण्याऐवजी दोन वेगवेगळ्या दिवशी दीड-दीड तास जाता येते, आणि मन ताजे असताना पाहिलेले अधिक लक्षात राहते.

नकाशावर मांडणी

आता यादीतली उरलेली नावे फोनमधल्या नकाशावर खुणा करून मांडावीत. कागदावर वेगवेगळी दिसणारी चार ठिकाणे नकाशावर एकाच गल्लीच्या आसपास निघतात आणि एकच ठिकाण एकटे, शहराच्या दुसऱ्या टोकाला पडलेले असते. जवळजवळची ठिकाणे एका अर्ध्या दिवसात गुंफावीत. एकट्या पडलेल्या ठिकाणाबाबत स्वतःला विचारावे की केवळ यासाठी मी अर्धा दिवस देईन का, आणि उत्तर चटकन ‘हो’ आले नाही तर ते नाव काढून टाकावे. एका अर्ध्या दिवसात एक मोठे, तिकिटाचे स्थळ आणि त्याच परिसरातले एखादे हलके ठिकाण, जसे बाग, बाजार, पूल किंवा चौक, यापेक्षा अधिक काही बसत नाही.

शहराबाहेरच्या एक दिवसाच्या सहलींबाबत मी विशेष सावध करीन. जाहिरातीत ‘एका दिवसात’ हे शब्द सहज वापरले जातात, पण लास व्हेगसहून ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कडेला मोटारीने जायला सुमारे साडेचार तास लागतात आणि तितकेच परतायला. पॅरिसहून मों-सें-मिशेल हे बेटावरचे मठस्थान गाठायलाही रस्त्याने चार तासांच्या आसपास लागतात. इजिप्तमध्ये अस्वानहून अबू सिंबेलच्या प्राचीन मंदिरांपर्यंतचे अंतर एका बाजूने २८० किलोमीटरच्या वर आहे. यांतले काहीही न पाहण्यासारखे नाही. अबू सिंबेल तर पहाटे उठून जावे इतके भव्य आहे. परंतु ज्या गोष्टीसाठी आठ-नऊ तास वाहनात बसायचे ती त्या मुक्कामाच्या ‘एका वाक्यात’ असली पाहिजे, किंवा मग तिथे एक रात्र राहावे. प्रवासाचा वेळ स्थळावरच्या वेळेपेक्षा जास्त होत असेल तर ती सहल साधारणपणे टाळावी, आणि एका सहलीत अशा लांबच्या फेऱ्या एकाहून अधिक ठेवू नयेत.

मुक्कामाची जागाही याच वेळी ठरते. बहुतेक खुणा जिथे दाटल्या आहेत तिथे, किंवा तिथे थेट नेणाऱ्या मेट्रोच्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहावे. दूरच्या स्वस्त खोलीमुळे रोज दीड तास जाण्यायेण्यात गेला, तर आठवडाभरात दोन अर्धे दिवस त्या बचतीत वाहून जातात.

कशाचे आरक्षण करावे, कशाचे करू नये

आरक्षणाचे काम ‘एका वाक्यातल्या’ गोष्टीपासून सुरू करावे, आणि शक्य असेल तिथे विमानाच्या तिकिटाआधी तिची उपलब्धता पाहावी. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँक गृहाची तिकिटे फक्त ऑनलाइन मिळतात आणि ती दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या भेटींसाठी खुली होतात. मिलानमधले लिओनार्दोचे ‘लास्ट सपर’ हे भित्तिचित्र पाहायला लहान गटांना केवळ पंधरा मिनिटे दिली जातात आणि आरक्षण अनिवार्य आहे. स्पेनमधल्या ग्रानादाच्या अलहम्ब्रा या किल्ल्यात नासरीद राजवाड्यांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली की तो भाग पाहता येत नाही. माचू पिचूचे तिकीट ठरावीक वेळेचे आणि ठरावीक मार्गाचे असते. सर्वपरिचित छायाचित्रातले दृश्य सर्वच मार्गांवरून दिसत नाही, त्यामुळे मार्ग वाचूनच तिकीट घ्यावे. कोलोसियमच्या तिकिटावर प्रवाशाचे नाव असते, म्हणून पासपोर्टवर आहे तसेच नाव भरावे.

तिकीट घेताना शोधयंत्राने दाखवलेल्या पहिल्या दुव्यावर भरवसा ठेवू नये. तो अनेकदा मध्यस्थ विक्रेत्याची जाहिरात असतो आणि मूळ तिकिटावर मोठी रक्कम चढवलेली असते. संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिकीटविक्रीच्या पानावर जावे. तिथे जागा संपलेल्या असतील तरच मार्गदर्शकासह सहलीचा पर्याय पाहावा, आणि तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळतात का हे वाचावे.

शहरातल्या अनेक स्थळांना एकत्रित प्रवेश देणारे ‘सिटी पास’ घ्यावेत की नाही, याचे उत्तर बेरजेत आहे. आपण जी स्थळे तशीही पाहणार होतो केवळ त्यांच्या तिकिटांची बेरीज करावी, आणि ती पासपेक्षा अधिक भरली तरच पास घ्यावा. पास वसूल करण्यासाठी यादीत नसलेली स्थळे घालू लागलो, की निवड पुन्हा हातून निसटते.

मार्गदर्शक कुठे घ्यावा याचा माझा निकष साधा आहे. समजावून दिल्याशिवाय जी जागा केवळ दगडांचा ढीग वाटते तिथे चांगल्या मार्गदर्शकावर अवश्य खर्च करावा. रोमन फोरम, पॉम्पेई आणि अंगकोरची शिल्पे या वर्गात येतात. बागा, उंचावरची दर्शनस्थळे आणि जुन्या गल्ल्या यांना त्याची गरज नसते. शहराची पायी फेरी घ्यायची असेल तर ती पहिल्याच पूर्ण दिवशी घ्यावी, म्हणजे तिथे मिळालेली माहिती उरलेल्या मुक्कामात वापरता येते.

दिवसाकाठी ठरावीक वेळेची एकाहून अधिक तिकिटे शक्यतो घेऊ नयेत. सकाळी दहाचे एक आणि दुपारी दोनचे दुसरे अशी तिकिटे हाती असली की मधले चार तास घड्याळाकडे पाहण्यात जातात.

पाहण्यापलीकडे: करण्याच्या गोष्टी

केवळ पाहण्याच्या गोष्टींनी भरलेला प्रवास चौथ्या-पाचव्या दिवशी एकसुरी होतो. निदान दर तीन दिवसांमागे एक अर्धा दिवस हातापायांनी करण्याच्या गोष्टीला द्यावा: सायकलफेरी, डोंगरातली पायवाट, स्थानिक स्वयंपाकाचा वर्ग, मातीकाम, एखादा सामना, संध्याकाळची मैफल. यासाठी प्रावीण्य लागत नाही, आणि स्थानिक माणसांच्या शेजारी बसण्याची संधी अशाच ठिकाणी मिळते.

साहसी प्रकार निवडताना मात्र उत्साहाआधी अटी वाचाव्यात. प्रवासविमा घेतला म्हणजे सर्व काही त्यात आले असे होत नाही. स्कूबा डायव्हिंग, स्कीइंग, पॅराग्लायडिंग किंवा ठरावीक उंचीवरचे गिर्यारोहण अनेक विम्यांत वगळलेले असते किंवा त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. भाड्याच्या स्कूटरचेही तेच आहे. आपल्या परवान्यात दुचाकीची नोंद नसेल किंवा त्या देशात मान्य असलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ नसेल, तर अपघातात विमा कंपनी दावा नाकारू शकते. स्कूबानंतर लगेच विमानात बसणे धोक्याचे असते. अनेक बुड्या मारल्या असतील तर उड्डाणापूर्वी निदान १८ तास जाऊ द्यावेत असा सर्वमान्य सल्ला आहे, म्हणून असा कार्यक्रम परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नये. उंचीबाबतही क्रम महत्त्वाचा आहे. पेरूतले कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे आणि माचू पिचू सुमारे २,४३० मीटरवर, म्हणजे मुख्य स्थळ मुक्कामाच्या शहराहून खाली आहे. म्हणून विमानाने थेट कुस्कोला उतरल्यावर पहिले दोन दिवस हलके ठेवावेत, किंवा आधी खालच्या दरीत राहावे.

प्राण्यांशी संबंधित कार्यक्रमांबद्दल माझे मत ठाम आहे. हत्तीवर बसवणे, वाघाच्या बछड्यासोबत छायाचित्र काढू देणे, वन्य प्राण्याला मिठी मारू देणे हे ज्या ठिकाणी विकले जाते तिथे जाऊ नये. माणसाने हवे तेव्हा, हवे तसे हाताळण्यासाठी त्या प्राण्याला कसे तयार केले असेल, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. दुरून, वाहनातून किंवा दुर्बिणीतून पाहण्याची सोय असलेली अभयारण्ये निवडावीत. असाच आदर पवित्र स्थळांनाही हवा. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकावर चढणे तिथल्या मूळ रहिवाशांच्या इच्छेनुसार २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाले, आणि आता पायथ्याभोवतीच्या पायवाटेने चालत तो जवळून पाहता येतो. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर दारातूनच परत पाठवले जाते, म्हणून त्या दिवशीचे कपडे सकाळीच विचार करून घालावेत.

सोबतीचे लोक

कुटुंबासह किंवा मित्रांसह जाताना निवड एकानेच केली की उरलेले सगळे पाहुणे होतात आणि तिसऱ्या दिवशी कुरबुर सुरू होते. लहान मुलांसह प्रत्येकाला एक अशी गोष्ट सांगू द्यावी जी कोणत्याही परिस्थितीत वगळली जाणार नाही. या गोष्टी सर्वांत आधी वेळापत्रकात बसवाव्यात. एखादी सर्वांना रुचणारी नसेल तर त्या अर्ध्या दिवसापुरते दोन गट करावेत आणि भेटण्याची जागा व वेळ पक्की ठरवावी. वृद्ध सोबत असतील तर पायऱ्या, बसण्याची सोय आणि स्वच्छतागृहे यांची माहिती स्थळ निवडतानाच पाहावी. लहान मुलांसाठी सलग दोन संग्रहालये कधीही ठेवू नयेत.

तिथे पोहोचल्यावर

पक्की केलेली गोष्ट मुक्कामाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवावी, शेवटच्या दिवशी नव्हे. संप, हवामान किंवा अचानक आलेली सरकारी सूचना यांमुळे ती बंद निघाली तर पुन्हा जाण्यासाठी दिवस हाती राहतो. जुलै २०२३ मधल्या उष्णतेच्या लाटेत अथेन्सचे ॲक्रोपोलिस काही दिवस भर दुपारी बंद ठेवण्यात आले होते. सकाळची वेळ निवडलेल्यांना त्याचा त्रास झाला नाही. उघड्यावरची प्राचीन स्थळे शक्य तेव्हा उघडण्याच्या वेळीच गाठावीत. ऊन आणि गर्दी, दोन्हींपासून सुटका होते.

रोज संध्याकाळी दहा मिनिटे बसून उद्याचा हवामानाचा अंदाज, स्थळाची वेळ आणि जाण्याचा मार्ग तपासावा. पावसाचा अंदाज असेल तर उघड्यावरचा अर्धा दिवस आणि छताखालचा अर्धा दिवस यांची अदलाबदल करावी. प्रत्येक अर्ध्या दिवसात वेळेचे तिकीट घातलेले नसेल तरच हे करता येते. काही सोडावे लागले तर क्रम ठरलेला असावा: आधी नकाशावर एकटी पडलेली जागा, मग दुसऱ्याच्या सांगण्यावरून घातलेली जागा, आणि प्रत्येकाची न वगळण्याची गोष्ट सर्वांत शेवटी. परतीच्या आदल्या दिवशी शहराबाहेर जाऊ नये. त्या दिवशी मोकळा ठेवलेला एखादा अर्धा दिवस वापरावा आणि याआधी जिथे आणखी थांबावेसे वाटले होते पण वेळ नव्हता, त्या जागी पुन्हा जावे.